बहुमताचा वास

राज्यशास्त्राच्या सरांना किळस फार चटकन यायची. त्यात त्यांचा दोष नव्हता, घडणच तशी होती. काही माणसांना वाऱ्याची झुळूक आली की सर्दी होते, काहींना कुणी गोड बोललं की रडू येतं, तशी सरांना शिसारी यायची. दुसऱ्याने चावलेल्या पेनाची यायची. स्टाफरूममधल्या कपांच्या कानाशी साचलेल्या तपकिरी रेघेची यायची. आणि 'मला असं वाटतं की' या शब्दांनी सुरू होणाऱ्या उत्तरपत्रिकेची तर इतकी यायची, की ती तपासताना ते कागद दोन बोटांच्या चिमटीत धरत.

आपल्याला काय वाटतं, हे चारचौघांत सांगणं सरांना थोडं आंघोळीच्या पंच्यावर बाहेर येण्यासारखंच वाटे. स्वतः ते कधीही सांगत नसत. कुठलाही प्रश्न विचारा, सर चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "याला दोन बाजू आहेत." मुलांनी त्यांचं नाव 'तटस्थ सर' ठेवलं होतं आणि ते सरांना ठाऊक होतं. वर त्याचा अभिमानही होता. कॅन्टीनचा स्वयंपाकी आणि ग्रंथालयाचा शिपाई एकदा ट्रे घेऊन एकमेकांच्या अंगावर धावले, तेव्हा साक्षीदार म्हणून सरांना बोलावलं. सर म्हणाले, "दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे." त्या दिवसापासून दोघेही सरांशी बोलेनासे झाले, आणि त्या एका मुद्द्यावर त्या दोघांचं एकमत झालं. घरीही तेच. सरांची बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. "अहो, हा रंग मला शोभतो का?" असं तिने लग्नानंतर काही महिने विचारलं. 'एकीकडे पाहिलं तर' असं सुरू होणारी उत्तरं ऐकून पुढे विचारायचं सोडलं. सरांनी त्याचा अर्थ, घरात आता मतभेद उरलेले नाहीत, असा घेतला.

अशा माणसाच्या कॉलेजात अनुभवाधारित शिक्षण आलं.

आलं ते प्राचार्यबाईंच्या बरोबर आलं. त्या कुठल्याशा परिषदेला गेल्या आणि येताना कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि एक तज्ज्ञ घेऊन आल्या. तज्ज्ञाच्या गळ्यात उन्हाळ्यातही मफलर होता आणि तो प्रत्येकाकडे आपण सगळे नुकतेच एखाद्या अपघातातून वाचलो आहोत अशा प्रेमाने बघायचा. "ज्ञान डोक्यात नसतं, मित्रांनो," तो म्हणाला, "ते हातात असतं!" आणि त्याने प्राध्यापकांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीच्या हातात ओल्या मातीचा एकेक गोळा दिला. आपापल्या विषयातली मध्यवर्ती संकल्पना डोळे मिटून घडवायची होती. सरांच्या वाट्याला भौतिकशास्त्राचे प्रमुख जोडीदार म्हणून आले, त्यांच्या तळव्यांना घाम यायचा. दोघांच्या वीस बोटांमधून जे सार्वभौमत्व तयार झालं, ते लहानसं, काळपट आणि बटाट्यासारखं होतं. तज्ज्ञ ते हातात घेऊन गहिवरला. सर मात्र बेसिनपाशी उभे राहून नखांतली माती काडीने काढत राहिले. घरी जाईपर्यंत त्यांनी तो हात खिशाबाहेर, अंगापासून लांब धरला होता.

मग हुकूम निघाला. प्रत्येक विषयाने सत्रातून एक तरी 'अनुभव' द्यायचा आणि मुलांनी तो आल्यावर काय वाटलं ते लिहायचं. काय वाटलं! सरांनी तो कागद चिमटीत धरून फायलीत टाकला. अर्थशास्त्रवाल्यांनी सरबताचा गाडा लावला आणि सगळं सरबत विभागप्रमुखांच्या मुलांनीच पिऊन टाकलं. तत्त्वज्ञानवाल्यांनी मुलांना तासभर डोळे मिटून बसवलं. ते सगळ्यात स्वस्तात सुटले. राज्यशास्त्राने विधिमंडळ बघायला जावं अशी सूचना आली. पण त्याला परवानग्या लागतात, बस लागते, आणि बसमध्ये कुणी ना कुणी ओकतंच. ते सर स्वतःच असण्याची शक्यता अधिक.

"मग आपल्या बिल्डिंगची वार्षिक सभा दाखवा की," बायको सहज म्हणाली. "माणसं भांडतात, हात वर करतात. आणखी काय असतं त्यात?"

सरांना ही कल्पना एकदम पटली. पटण्याचं खरं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. सर त्या बिल्डिंगचे अध्यक्ष होते, आणि सभा चालवावी ती आपणच, असं त्यांचं गुप्त मत होतं. (मत नाही तर निरीक्षण, असं ते म्हणाले असते.) विषयपत्रिका, अनुमोदन, हात वर, हात खाली, मोजणी. घरटी एक मत, आणि अध्यक्षाने स्वतः मत द्यायचं नाही, नुसतं मोजायचं. हा नियम सरांनीच केला होता. तो पाळताना त्यांना धुतलेल्या कपड्यांच्या घडीसारखं स्वच्छ वाटे.

आता या सभेपुढे दर वर्षी एक विषय यायचा, तो सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बिल्डिंगच्या कचऱ्याची चार मोठी पिंपं होती. ती ठेवण्याजोग्या जागा दोनच. एक मागच्या कोपऱ्यात, तळमजल्यावरच्या टेलरबाईंच्या खिडकीखाली. दुसरी पुढच्या कोपऱ्यात, फाटकाशेजारी, तळमजल्यावरच्या सरांच्या अभ्यासाच्या खिडकीखाली. पहिल्यापासून पिंपं मागे होती. टेलरबाई दर वर्षी अर्ज करायच्या, 'पिंपं हलवा.' सर तो अर्ज खणखणीत आवाजात वाचत, त्यावर चर्चेला पुरेसा वेळ देत, मग हात वर करायला सांगत. दर वर्षी टेलरबाईंच्या बाजूने चारपाच हात आणि विरुद्ध बाकी सगळे. "ठराव नामंजूर," सर म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा इतका कोरा असे, की पिंपं कुणाच्या खिडकीखाली येता येता राहिली हे नव्या भाडेकरूला कळलंही नसतं. 'बहुमताची जुलूमशाही' हा धडा सर कॉलेजात जीव ओतून शिकवत. मुलं म्हणत, सरांचा तोच एक तास ऐकण्यासारखा असतो.

सभेच्या आदल्या दिवशी एक अडचण आली. सभा गच्चीवर व्हायची आणि गच्चीवर ताजं डांबर ओतलं होतं. पाय ठेवला तर चप्पल तिथेच राहायची. सर जिन्यात उभे राहून विचार करत होते, तोच टेलरबाई दारात आल्या. ओठांत टाचण्या असल्या तरी त्यांना स्पष्ट बोलता यायचं.

"माझ्याकडे घ्या की सभा. कापायचं टेबल भिंतीला सरकवते. तुमची मुलंसुद्धा मावतील."

"तुम्हाला त्रास कशाला?"

"त्रासाची सवय आहे मला, सर," टेलरबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सभेला बिल्डिंग झाडून सगळी आली, कारण मुलं बघायला येणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपण काही तरी बोलावं असं वाटत होतं. टेलरबाईंच्या पुढच्या खोलीत सर प्रथमच पाऊल टाकत होते. शिवणाची दोन यंत्रं, दोऱ्यांची रिळं लावलेली फळी, बिनमुंडक्याचे तीन पुतळे आणि त्यांतल्या एकावर टाचलेला लांब पांढरा झगा. खिडकी गच्च बंद. चौकटीच्या फटींत कापडाच्या बारीक चिंध्या कोंबलेल्या. आतल्या खोलीत बाईंचे सासरे खोकत होते. तो खोकला यंत्रासारखा, ठरावीक लयीत होता, आणि थोड्या वेळाने घड्याळाच्या टिकटिकीसारखा ऐकू येईनासा झाला.

कॉलेजची मुलं भिंतीला टेकून बसली. एक मुलगा बसल्या बसल्या झोपला. एकीने पुतळ्याबरोबर स्वतःचे फोटो काढले. पुढच्या बाकावर बसणारी जी मुलगी सरांना वर्गात नेहमी अडचणीत आणायची, ती इथेही पुढेच बसली.

लिफ्टचा विषय झाला, डांबराचा झाला. एवढी माणसं, एवढे श्वास, आणि वारा नाही. बिल्डिंगमध्येच दवाखाना असलेल्या दाताच्या डॉक्टरांनी कॉलर सैल केली. "अहो बाई, ती खिडकी उघडा जरा. जीव गुदमरला."

"उघडू?" टेलरबाई म्हणाल्या. "सगळ्यांची संमती आहे ना? मागाहून म्हणाल, विचारलं नाही."

"यावर मतदानाची गरज नाही," सर हसून म्हणाले. "उघडा."

बाईंनी चिंध्या एकेक करून ओढल्या. घाई केली नाही. मग दोन्ही दारं सताड उघडली.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. मग ते आत आलं. वास आला म्हणणं हा त्याचा अपमान होईल. वास फुलांना असतो. हे अंगाने जाड होतं. सडलेल्या केळ्यांचा गोडसरपणा पुढे, त्याच्यामागे नासलेल्या दुधाची आंबट लाट, त्याच्यामागे मेलेल्या मासळीसारखं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी कुठल्या तरी बाळाचे लंगोट. ते घशात उतरलं आणि जिभेवर चढलं. माश्या अशा आल्या जणू त्यांनाही सभेची सूचना मिळाली होती. बिल्डिंगमधल्या विमावाल्यांनी शर्टाची कॉलर नाकापर्यंत ओढली. वरच्या मजल्यावरच्या दोघी अविवाहित बहिणींनी एकाच रुमालात दोन्ही नाकं घातली. झोपलेला मुलगा दचकून उठला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कापडाच्या तुकड्यांच्या टोपलीत ओकला.

"असू दे, बाळा," टेलरबाई म्हणाल्या. "ती टोपली तशीही टाकायचीच होती. पिंपात."

"बंद करा! बंद करा ती!" डॉक्टर ओरडले.

"बंद करते ना. पण विषय तोच आहे पुढचा. म्हटलं, वाचण्यापेक्षा हा अर्ज बरा." त्या झग्याकडे वळल्या. "हा झगा एका मुलीने परत आणून दिला. लग्नात घालायचा होता. तिची आई म्हणते, याला मेलेल्या उंदराचा वास येतोय. धुतला, वाळवला, पुन्हा आणला. पुन्हा वास. याच्या आधी दोन गिऱ्हाइकं गेली. ही गेली की मी यंत्रं विकते. मामंजींचं तर काय, ते खोकताहेत. त्यांचं ऐकताय तुम्ही."

सरांचं काळीज उगाचच हललं. रुमाल नाकाशी धरून ते विचार करत होते, हा मफलरवाला गाढव म्हणत होता ते खरंच की काय? पुस्तकात वाचून जे जमलं नाही ते नाकाने जमलं! या लोकांनी आता प्रत्यक्ष भोगलंय. आता कोण हात वर करणार नाही?

"पिंपं हलवावीत, या बाजूने?" सरांनी विचारलं.

टेलरबाईंचा हात वर गेला. सर थांबले. दुसरा हात वर गेला नाही. चारपाच जण दर वर्षी असायचे, त्यांचेही हात मांडीवर होते.

"अगं," थोरल्या बहिणीने रुमालातून म्हटलं, "आम्ही दर साली तुझ्या बाजूने हात वर करायचो ना, ते आपलं म्हटलं, बिचारी एकटी आहे. आम्हाला काय माहीत इतकी घाण येते? आमची खिडकी सरांच्या डोक्यावरच आहे गं!"

"खरं सांगू का," दाताचे डॉक्टर म्हणाले, "आजवर मला वाटायचं, बाई जरा वाढवून सांगतात. म्हणून मी हलवायला हो म्हणायचो. आज कळलं. असली गोष्ट फाटकाशी? पाहुणे येतात, पेशंट येतात! छे छे. अजिबात नाही."

"सर, तुम्ही सभा इथे घेतलीत ते फार बरं केलंत," विमावाल्यांनी मनापासून सांगितलं. "डोळे उघडले आमचे."

विरुद्ध बाजूचे हात मोजायची गरजच नव्हती. भिंतीला टेकलेल्या एकदोन मुलांनीही चुकून हात वर केले होते. सरांना त्या सगळ्या हातांची, नखांची, बगलेतल्या ओल्या डागांची अशी शिसारी आली की त्यांनी मोजायला उचललेलं बोट मागे घेतलं. हे बहुमत! याच्यावर आपण वर्षानुवर्षं तास घेतले! आणि नेमक्या त्या क्षणी, ती शिसारी तशीच असताना, तिच्या खालून, अगदी तळातून, सरांच्या तोंडून एक आवाज निघाला.

"हुश्श."

फार मोठा नव्हता तो, पण टेलरबाई जवळ होत्या.

"हुश्श म्हणालात, सर," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही... गरम होतंय."

"होय का? मला वाटलं, मत दिलंत."

पुढच्या बाकावरच्या मुलीने मान वर केली. "सर, अध्यक्ष मत देत नाहीत ना? मग हे कुठे धरायचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. 'याला दोन बाजू आहेत' हे वाक्य जिभेच्या टोकाशी आलं आणि तिथल्या त्या चवीत मिसळलं. त्यांना ते गिळवेना आणि थुंकवेनाही. "ठराव नामंजूर," ते कसेबसे म्हणाले. "सभा संपली."

माणसं आग लागल्यासारखी जिन्याने वर पळाली. मुलं अंगणात उभी राहून अनुभव आला का हे एकमेकांना विचारत होती. सर मात्र मागच्या बाजूला गेले. का गेले हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना आजवर हजार गोष्टींची किळस आली होती. स्वतःची यायची ही पहिलीच वेळ, आणि ती धुवायला बेसिन पुरलं नसतं. त्यांनी बाह्या सारल्या, श्वास रोखला आणि पहिल्या पिंपाच्या मुठीला हात लावला. मूठ चिकट होती. उबदारही होती, हे जास्त वाईट. एक चाक मोडलेलं, त्यामुळे पिंप म्हाताऱ्या बैलासारखं एका अंगाने चालायचं.

खिडकीतून टेलरबाईंचं डोकं बाहेर आलं. "काय करताय हो सर?"

"ठरावाविरुद्ध वागतोय."

"शुद्धीवर आहात ना?"

"माहीत नाही. श्वास रोखलाय."

"उद्या परत आणून ठेवतील ती."

"ठेवू देत."

"मग हा उपद्व्याप कशाला? इतकी वर्षं नुसतं तोंड उघडलं असतंत, 'माझ्या खिडकीखाली चालेल' म्हणून, तर कोण नाही म्हणणार होतं? बोलायचं तेव्हा मुके, आणि आता हमाली!" बाईंचा आवाज चढला होता. आभार मानायला त्यांना वेळ नव्हता आणि इच्छाही दिसली नाही. "आणि ते पिंप तिरकं धरू नका. तळाला भोक आहे त्याच्या."

ही सूचना थोडी उशिरा आली. सरांच्या उजव्या पायाच्या बोटांमधून काहीतरी कोमट, बुळबुळीत वाहत गेलं. ते काय होतं हे त्यांनी पाहिलं नाही. चौथं पिंप आपल्या खिडकीखाली लावून ते पायरीवर बसले, तेव्हा फाटकातून त्यांची बायको दुकानातून परत येत होती. ती थबकली.

"अहो! गटारात पडलात का?"

सरांनी सगळं सांगितलं. हुश्शसुद्धा.

"आणि मला विचारलंत? खिडकी काय तुमच्या एकट्याची आहे?"

सरांना हे सुचलंच नव्हतं. बहुमताला लाथाडताना घरातल्या निम्म्या जनतेला त्यांनी विचारलंही नव्हतं. ते खाली मान घालून बसले. बायकोने दोन बोटांनी नाक धरलं. मग म्हणाली, "एकीकडे पाहिलं तर मला तुमचा अभिमान वाटतोय. दुसरीकडे पाहिलं तर तुम्ही आधी बाहेरच्या नळाखाली उभे राहा. घरात असे येऊ नका."

व्हायचं ते झालंच. सकाळी पाहुणे, पेशंट, दूध, वर्तमानपत्र, सगळे पिंपांच्या बाजूने नाकं मुरडत गेले, आणि संध्याकाळी तातडीची सभा भरली. फाटकाशीच, उभ्याउभ्या, रुमाल लावून.

"लोकशाहीचा गळा घोटलाय!" डॉक्टर म्हणाले. रुमालामुळे ते 'गोटलाय' असं ऐकू आलं. "आणि कुणी? राज्यशास्त्राच्या माणसाने!"

"आरोप मान्य आहे," सर म्हणाले. "मी अध्यक्षपद सोडतो. आरोपीने सभा चालवू नये."

विमावाले तिथल्या तिथे अध्यक्ष झाले. त्यांना ते बऱ्याच वर्षांपासून व्हायचं होतं. त्यांनी विचारलं, पिंपं होती तिथे तत्काळ न्यावीत, या बाजूने? हातांचं रान उठलं. दोघी बहिणींनी तर माफी मागत मागत हात वर केला. विरुद्ध? टेलरबाईंचा हात वर गेला. आणि सरांचा. चारचौघांत हात वर करायची सवय नसल्यामुळे तो आधी कोपरातून अर्धाच उठला, पकडल्या गेलेल्या चोरासारखा. मग बायकोने मागून कोपराला धक्का दिला तेव्हा तो पुरता वर गेला. काही वाईट झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. विरोध मात्र कोसळला.

"प्रचंड बहुमताने मंजूर!" विमावाले म्हणाले. "पिंपं तत्काळ मागे न्यावीत."

टेलरबाईंनी पदर खोचला आणि त्या आत जायला वळल्या. सरांना पाठमोऱ्या बाई दिसल्या, आणि आजवर त्यांनी दर वर्षी ही पाठच पाहिली होती हे त्यांना आठवलं.

बाकीचे सगळे पिंपांकडे बघत उभे होते. कुणी हललं नाही.

"चला," विमावाले म्हणाले. "न्या."

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही तरुण आहात."

"मी? अहो, मला हे हात लोकांच्या तोंडात घालावे लागतात! तुम्ही अध्यक्ष आहात."

"अध्यक्ष म्हणून माझं काम मार्गदर्शनाचं. आणि माझी पाठ..."

"आम्ही बायकामाणसं," बहिणी म्हणाल्या आणि लिफ्टकडे सरकल्या.

तेवढ्यात कचरागाडी आली. तिच्या माणसाला विचारलं. तो पिंप गाडीवर उलटं करत म्हणाला, "मी उचलतो, फिरवत नाही. आणि मला इथूनच बरं पडतं. मागे यायचं म्हणजे गाडी वळवा, घसरून पडा." पिंप खाली ठेवताना त्यातलं थोडं डॉक्टरांच्या बुटावर उडालं. डॉक्टर तो पाय अधांतरी धरून, लंगडत घरी गेले.

"सर, तुम्हीच आणलीत, तुम्हीच न्या!" विमावाल्यांनी शेवटचा उपाय काढला.

सरांनी चष्मा पुसला. "ठराव करणं सभेचं काम," ते म्हणाले. "अमलात आणणं कार्यकारी मंडळाचं. मी आता साधा नागरिक आहे. आणि मी विरुद्ध मत दिलंय."

आत जाता जाता टेलरबाई दारात थांबल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. हसल्या नाहीत, पण त्यांच्या ओठांतल्या टाचण्या हलल्या.

अंमलबजावणीसाठी समिती नेमली गेली. समितीने आधी रबरी हातमोजे घ्यावेत असं ठरवलं. हातमोजे कुणी घालायचे, यावर समितीत फूट पडली. ठराव मंजूर आहे, मंजूरच राहिला. सर फाटकातून कॉलेजला निघाले की डॉक्टर नाक धरून त्यांना गाठतात. "सर, ठराव आहे हं!"

"आहे की. कधी नेताय?"

"समिती बघतेय."

सरांना या सगळ्याची अजूनही किळस येते. न्यायाने जे झालं नाही ते घाणीच्या भीतीने झालं. माणसांचा स्वार्थ हरला तो फक्त त्यांच्या नाजूकपणापुढे. असलं लोकशाहीचं रूप कुठल्या पुस्तकात घालावं? आणि आपल्याला त्याचा आनंद होतो, याची किळस तर जास्तच. कॉलेजातल्या मुलांनी काय वाटलं ते लिहून दिलं: बहुतेकांना 'सहानुभूती' वाटली होती, आणि सगळ्यांनी तो शब्द एकसारखाच चुकीचा लिहिला होता. ओकलेल्या मुलाने लिहिलं होतं, 'मला फार वाईट वाटलं, कारण ती टोपली त्यांची होती.' सरांनी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. पुढच्या बाकावरच्या मुलीने हुश्शबद्दल दोन पानं लिहिली होती, आणि तीही सर दोन बोटांच्या चिमटीत न धरता वाचत होते, खिडकी लावून, कोंदट उकाड्यात, तेव्हा दारावर थाप पडली.

टेलरबाई होत्या. गळ्यात टेप, कपाळावर आठ्या.

"सर, ते डावीकडचं झाकण कुणीतरी उघडं टाकलंय. वारा फिरलाय, माझ्यापर्यंत येतोय. त्या मुलीचा झगा टांगलाय मी खिडकीत, संध्याकाळी ती न्यायला येणार आहे."

"अहो, पण मी आता अध्यक्ष नाही..."

"झाकण लावायला अध्यक्ष लागतो?"

सरांनी कागद खाली ठेवले, श्वास भरून घेतला आणि झाकण लावायला गेले.